वायरीला फुटपाथ ओलांडू द्या

नाशिकमध्ये गंगापूर रोडला जेहान सर्कलच्या आसपासच्या फुटपाथवर काय चालत नाही? हातगाडी चालते, वाढदिवसाच्या भाऊंचा फ्लेक्स चालतो, गणपतीत मांडव चालतो, स्कूटरी तर बारा महिने. सगळं बिनबोभाट. तुमच्या गेटातून निघून कडेला लावलेल्या इलेक्ट्रिक गाडीपर्यंत जाणारी वायर तेवढी चालत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949, कलम 231 वाचा. रस्त्यावर ठेवलेली खुर्ची, बाक, पेटी, शिडी, गासडी, फळी किंवा दुसरी कोणतीही वस्तू आयुक्त नोटीस न देता उचलू शकतात. हल्ली गासडी कोणी ठेवत नाही, त्यामुळे ‘दुसरी कोणतीही वस्तू’ म्हणून वायर हाती लागते. फ्लेक्स लागत नाही, त्यावर भाऊंचा फोटो असतो.

वरून वायर सोडावी म्हणता? केंद्रीय वीज प्राधिकरणाचे चार्जिंगचे सुरक्षा नियम सांगतात, चार्जिंग पॉइंटपासून गाडी 5 मीटरच्या आत हवी आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. तिसऱ्या मजल्यावरचे काका इथेच बाद. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर आकडा टाकलात तर वीज कायदा 2003 चं कलम 135, म्हणजे थेट वीजचोरी.

बरं, इलेक्ट्रिक गाडी घ्या हा आग्रह कोणी कमी केलाय? चार्जिंग ही विक्री नव्हे, सेवा आहे, परवाना नको, असं ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्येच सांगितलं. 2022 मध्ये म्हणाले, घरच्या मीटरवर खुशाल चार्ज करा. राज्याने 2021 मध्ये धोरण आणलं, 2025 मध्ये आणखी एक. दिल्ली बोलावते, मुंबई बोलावते. मीटर आणि गाडी यांच्यामधला फुटपाथ मात्र पालिकेचा, आणि पालिकेला कोणी आमंत्रण दिलेलं दिसत नाही. जुन्या सोसायट्यांत पार्किंग म्हणजे चार गाड्या आणि चौदा भांडणं. उरलेल्यांनी रस्त्यावर गाडी लावायची आणि बॅटरीकडे बघत बसायचं.

ब्रिटनमध्ये काही नगरपालिका फुटपाथमध्ये केबलपुरती अरुंद पन्हळ कापू देतात. वर झाकण, कोणी अडखळत नाही. आपल्याकडे तर काम अर्धं झालेलंच आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरभर खोदाई सुरू आहे, चर तयार आहेत, पन्हळ तेवढी टाकायची.

आयुक्तसाहेब, वायरीचा दर ठरवा, अर्ज छापा, पावती फाडा. आम्ही रांगेत उभे राहू, सवय आहे. आणि वाचकहो, तोवर शोरूममध्ये रेंज विचारण्याआधी गेटापासून रस्त्यापर्यंत टेप लावून या.