वरच्यांची घाण

जयसिंगपूर शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलं, तेही असं आखून की चुकू म्हटलं तरी वाट चुकत नाही. चहूकडे सपाट ऊस. त्यामुळे पावसाळ्यातल्या रविवारी दऱ्याखोऱ्यांच्या ओढीने मंडळी निघतात शाहूवाडी तालुक्यातल्या बर्कीच्या धबधब्याला. खरं तर पाणी बघायची हौस २०१९च्या महापुरातच फिटायला हवी होती. पण ते पाणी फुकट दाराशी आलं, त्याचं काय कौतुक?

गावातून धबधब्यापर्यंतची जंगलवाट थोडकी, तयारी मात्र एव्हरेस्टची. नवे कोरे बूट, पाठीवर ड्रोन, खांद्यावर स्पीकर आणि जयसिंगपूरचं भडंग. स्पीकर असा ठणाणतो की एखादं शेकरू असलंच तर ते तालुका सोडतं. दरीत पोचल्यावर धबधब्याकडे पाठ, मोबाइलकडे तोंड! भडंग संपतं, तेलकट पिशवी ओढ्याच्या स्वाधीन होते.

ती ओढ्यातून कासारीत, कासारीतून पंचगंगेत, तिथून नृसिंहवाडीला, म्हणजे आपल्याच शिरोळ तालुक्यात. घाटावर ती दिसली की हेच ट्रेकर नाक मुरडतात, ‘‘वरच्या लोकांनी नदीची पार वाट लावली बघा!’’