रामाची उरलेली दोन बोटं कुठे होती?

शिव शिव! गोव्यातल्या मोरजीत आता एकाही प्राण्याला अंगावरचा डाग सुखाने मिरवायची सोय राहिलेली नाही. खार माडावरून उतरली रे उतरली की कुणीतरी सुरू, 'सेतू बांधताना रामाने हिच्या पाठीवरून बोटं फिरवली.' बरं बाबा, फिरवली. पण आपल्या दक्षिणेतल्या खारीला पट्टे तीन आणि उत्तरेतल्या जातीला पाच, ते कसे? जिने सेतूला वाळू वाहिली तिच्या वाट्याला तीनच बोटं, आणि घरी बसलेलीला अख्खा पंजा? असं विचारावं तर सोप्यावरची आजी डोळे वटारते, 'दोन बोटांत बाण नव्हता होय धरलेला?' घ्या! झाली नवी कथा.

कावळ्याची तर अब्रूच गेली. सीतेला टोच मारली म्हणून रामाने त्याचा एक डोळा काडीने फोडला, तेव्हापासून एकच बुबुळ तो इकडून तिकडे फिरवतो म्हणे. पंडितांनी त्याचा काकाक्षिगोलकन्यायही करून टाकला. कावळ्याला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. पण पितृपक्षात पान ठेवून त्या बुबुळाकडे टक लावून बसणारे कोण? आपणच ना?

आणि देवांनी तरी किती लाज सोडावी! उत्तरकांडात रावण यज्ञात घुसला, तशी सगळ्यांची पळापळ. इंद्र मोराच्या रूपात दडला, कुबेर सरड्याच्या, वरुण हंसाच्या. संकट टळल्यावर मोराच्या पिसाऱ्यावर डोळे, सरड्याला सोनेरी झाक, हंसाला पांढरा रंग. एका घाबरगुंडीत केवढी ही रंगरंगोटी! ज्या गावाची देवी मोरजाई, तिथे मोराची ही कथा चुकवून तुम्ही जाणार कुठे? साहेबही यातून सुटला नाही. मुंबईत जन्मलेल्या किप्लिंगने १९०२ साली अशा कथांचं पुस्तकच काढलं. त्यात मगर हत्तीचं नाक ओढते आणि त्याची सोंड होते.

शिकलेल्यांचं तर विचारूच नका. मोरजीच्याच तेंबवाड्याच्या वाळूत रात्री ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी घालायला चढते. शंभरेक अंडी घालून झाली की वल्ह्यासारख्या पायांनी खड्डा बुजवते, आणि डोळ्यांतून चिकट धार गालावरच्या वाळूत ओघळते. बाजूला उभे विज्ञानाचे मास्तर बजावतात, 'डोळ्यामागच्या ग्रंथींतून जादा मीठ बाहेर पडतं, बाकी काही नाही.' कुणी मान डोलावतं न डोलावतं, तोच मास्तरांचाच आवाज खाली येतो, 'पण पोरांचं तोंडही बघायला मिळत नाही हो बिचारीला... म्हणून जातच रडकी झाली!' गेला ना हाही गडी कामातून?

तेव्हा कथा रचा, हव्या तेवढ्या रचा. आम्हीही कान टवकारून बसलो आहोत. फक्त ते अश्रू बघायला टॉर्च मारू नका. उजेड दिसला की मादी अंडी न घालताच समुद्रात परत फिरू शकते.