साहेबांना आता शिकवू नये, ही विनंती

प्रति,
नगररचनाकारांच्या प्रशिक्षणाची फाइल सध्या ज्यांच्या टेबलावर असेल ते अधिकारी, महाराष्ट्र राज्य

विषय : नगररचनाकार साहेबांना पुढील शिक्षणातून कायमची सूट मिळण्याबाबत.

महोदय,

अर्जदार शहराचा साधा रहिवासी असून विकास आराखड्यांवर हरकती घेण्याचा त्याला जुना नाद आहे. नगररचनाकारांना नोकरी लागल्यावरही शिकवत राहावे, असा विचार मधूनमधून डोके वर काढतो, हे त्याच्या कानावर आले आहे. तो वेळीच दाबला जावा म्हणून हा अर्ज.

परदेशात या बाबतीत फारच जाच आहे. ब्रिटनच्या रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूटच्या सनदी सभासदाला दर दोन वर्षांत किमान 50 तास नवे काही शिकल्याचे दाखवावे लागते. अमेरिकेत प्रमाणित नगररचनाकाराला दोन वर्षांत 32 श्रेयांक मिळवावे लागतात. त्यात कायद्याबरोबर व्यावसायिक नीतिमत्तेचा तासही चुकत नाही. पन्नाशीच्या माणसाला नीतिमत्तेच्या वर्गात बसवणे आपल्या संस्कारांत बसत नाही. आपल्याकडे पदवी घेऊन माणूस एकदा रुजू झाला, की त्याचे ज्ञान सेवापुस्तकात चिकटते आणि निवृत्तीपर्यंत टिकते.

शिवाय साहेब वर्गात बसले तर टेबलावर कोण बसणार? नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार राज्यांच्या नगररचना खात्यांना 12,000 हून अधिक नगररचनाकार लागतील. मंजूर पदे 4,000 च्या आत, त्यांतली जवळपास निम्मी रिकामी. जे साहेब उरले त्यांनी आपले काम करायचे, रिकाम्या खुर्चीचा अतिरिक्त कार्यभार सांभाळायचा आणि वर विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरेही तयार ठेवायची. (या परिच्छेदात उपरोध नाही. इथे अर्जदाराला साहेबांची खरोखरच दया येते.)

तरीही साहेब अडाणी राहत नाहीत, हे नमूद करणे भाग आहे. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. एफएसआय, टीडीआर, प्रीमियम, पार्किंग, सगळ्यांची गणिते बदलली आणि मागोमाग दुरुस्त्या सुरू झाल्या. ही नियमावली आधी कोणी पाठ केली? ज्यांचे पोट तिच्यावर आहे त्यांनी: बिल्डरांच्या आर्किटेक्टांनी आणि लायझनिंगवाल्यांनी. दुरुस्तीचे परिपत्रक साहेबांच्या टेबलावर पोचण्याआधी त्यांच्या मोबाइलवर पोचलेले असते. मग नवी तरतूद साहेबांना कळते ती समोरचा माणूस फाइलवर बोट ठेवून समजावतो तेव्हा. शिकवणी फुकट, तीही जागेवर. आणि शिक्षकाचीच फाइल मंजुरीसाठी विद्यार्थ्यासमोर. सरकारचा एक पैसाही खर्च न होता चाललेला हा अभ्यासक्रम बंद पाडण्याचे कारण अर्जदाराला दिसत नाही.

दुसरे शिक्षक म्हणजे हरकतदार. मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा 2015 च्या फेब्रुवारीत जाहीर झाला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तू नकाशावरून नाहीशा झाल्या होत्या. लोकांनी प्रभागाप्रभागात नकाशे पसरले, आपली गल्ली शोधली, चुका मोजल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो आराखडा गुंडाळून नव्याने करायला सांगावे लागले, आणि सुधारलेल्याला मंजुरी मिळायला 2018 उजाडले. नकाशा वाचायला शिकलेले इतके मुंबईकर एखाद्या विद्यापीठाला तयार करता आले नसते.

आराखड्यातल्या चुकांवर गोव्याने तर याहून सोपा मार्ग काढला. तिथल्या नगररचना कायद्यात 2023 मध्ये आलेल्या कलम 17(2) नुसार प्रादेशिक आराखड्यातल्या ‘नजरचुका’ एकेका भूखंडापुरत्या दुरुस्त करता येऊ लागल्या. शेताचा हिरवा रंग ही नजरचूक ठरली की तिथे वस्तीचा पट्टा येतो. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द केले. न्यायालयांना अजून बरेच शिकायचे आहे.

साहेबांना शिकवण्यात सर्वांत घातक विषय पावसाचा. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता दुप्पट करायला सांगितली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, तेव्हा तो अहवाल बारा वर्षांचा झाला होता आणि त्यातली बहुतेक कामे व्हायची होती. आता साहेबांना हवामानबदलाच्या वर्गाला पाठवले, तर ते परत येऊन विचारतील : निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर ही वर्षे कुठल्या काळातल्या पावसावरून मोजली? सप्टेंबर 2019 च्या एका रात्रीत पुण्याचा आंबिल ओढा घराघरांत शिरून माणसे घेऊन गेला, त्या पाण्याला कुठली रेषा? वीस वर्षांत एकदा आराखडा सुधारा असे 1966 चा कायदा सांगतो. जुन्या पुण्याचा आधीचा आराखडा 1987 चा, पुढचा मंजूर झाला 2017 मध्ये. मधल्या तीस वर्षांत ओढ्यांवर किती स्लॅब पडले? असे प्रश्न विचारणाऱ्या साहेबांची बदली करावी लागते, आणि बदल्यांचा खर्च प्रशिक्षणापेक्षा जास्त.

नगररचना शिकवण्याचा जुना दाखलाही वाईटच आहे. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश गृहस्थ 1914 मध्ये भारतात आला आणि 1919 पासून मुंबई विद्यापीठात शिकवू लागला. आधी शहर पायी हिंडून समजून घ्या, मग नकाशाला हात लावा, असा त्याचा हट्ट. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यापेक्षा चार पडकी घरे हलवून हवा खेळती करावी, हे त्याचे मत. इंदूरमध्ये प्लेगच्या काळात त्याने दिवाळीला मिरवणूक काढून लोकांना स्वच्छता शिकवली. असा माणूस आज पर्यवेक्षक म्हणून आला, तर साहेबांना गाडीतून उतरावे लागेल.

एवढे सांगूनही प्रशिक्षण द्यायचेच ठरले, तर ते वातानुकूलित सभागृहात, स्लाइड आणि जेवणासह दोन दिवसांत उरकावे आणि शेवटी सर्वांचा फोटो काढावा. अगदीच बाहेर न्यायचे झाले, तर जुलैत आंबिल ओढ्याच्या काठाने चालवावे आणि हजेरी पुलावर घ्यावी. शिकवायला हरकतदारांना बोलवावे. मानधन नको; मागच्या सुनावणीत त्यांच्या हरकतीचे काय झाले, त्या आदेशाची सही-शिक्क्यासह एक प्रत मिळाली तरी ते येतील.

आपला विश्वासू,
अर्जदार