बाग घरची, कढीपत्ता विकत

"काका, दारात झाड आसताना कढीपत्ता इकत न्हेताय व्हय?"

मंडईतल्या भाजीवाल्या मावशींनी हे एवढ्या मोठ्यानं विचारलं, की कोथिंबिरीचा भाव करणाऱ्या दोन बायका आणि कोबीची पानं खाणारी एक गाय, अशा तिघीही माझ्याकडं बघायला लागल्या. मावशी आमच्याच गल्लीत राहतात. आमच्या कंपाउंडातलं कढीपत्त्याचं झाड त्यांना पानापानानं माहीत आहे.

"झाड आहे हो," मी म्हणालो, "पण सध्या रिकामं नाही."

लॉजच्या मॅनेजरनं सांगावं तसं ते वाक्य निघालं. पण खरं होतं.

साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या बाजूला आमचं जुनं बैठं घर आहे आणि घरापुढं पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा. नोकरीत होतो तोवर तिला अंगण म्हणायचो. निवृत्त झाल्यावर बाग म्हणायला लागलो. एक कढीपत्ता, अर्ध्या पिंपात लावलेलं लिंबू, दोन जास्वंदी, मोगऱ्याच्या चार कुंड्या, फाटकावर मधुमालती, आणि एक कुंडी वर्षाचे बरेच महिने रिकामी. त्या कुंडीत मे फ्लॉवरचा कांदा आहे यावर फक्त माझा विश्वास आहे. बाकीचे तिच्यात चहाचा चोथा टाकतात.

निवृत्त माणसाच्या बागेकडून काही फार अपेक्षा नसतात. देवाला पाच फुलं, पोह्यांना चार पानं, सरबताला एखादं लिंबू, संध्याकाळी खुर्ची टाकून बसलं की मोगऱ्याचा वास. चैत्र लागला आणि या यादीतली एकेक वस्तू जप्त व्हायला सुरुवात झाली.

पहिली जप्ती कढीपत्त्याची. ही फोडणीला पानं आणायला गेली आणि हात तसाच वर धरून हाक मारली, "अहो, पानावर पक्ष्यानं घाण केलीये, आणि ती चालतेय."

मी चष्मा लावून गेलो. काळपट, मध्ये पांढरा पट्टा, वरून ओलसर चकाकी. आमच्या गाडीच्या सीटवर रोज सकाळी जे पडलेलं असतं तेच, हुबेहूब. फक्त याला पाय होते. फुलपाखराची अळी होती ती. लहानपणी तिचं हे सोंग असतं, म्हणजे पक्षी तिला खायला जात नाहीत. कोण आपलीच विष्ठा खाईल? थोडी मोठी झाली की कात टाकते आणि एकदम हिरवीगार होते, डोक्यामागं खोटे डोळे काढून बसते. मी काडीनं जरा डिवचलं, तर मानेतून लाल बेचकीसारखं शिंग बाहेर आलं आणि असा उग्र वास सुटला की मी दोन पावलं मागं झालो. बोटाएवढ्या जिवाकडं अशी व्यवस्था. मला बँकेत तीस वर्षं काउंटरवर बसून गिऱ्हाइकाला मागं सरकवण्याची ही युक्ती कुणी शिकवली नाही.

हिचा पहिला निकाल "झाड हलवा आणि झाडून टाका" असा होता. पण त्याच दिवशी सुट्टी लागून आमची नात पुण्याहून आली आणि निकाल फिरला. नातीनं अळ्या मोजल्या, अकरा निघाल्या. त्यांना नावं दिली. ज्याला नाव आहे त्याला झाडून टाकता येत नाही. आठवड्यात कढीपत्त्याच्या झाडावर पानांच्या शिरा राहिल्या आणि मी मंडईत.

या काळात माझ्या हातून एक मोठेपणा घडला. महाराष्ट्रानं २०१५ साली ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, हे राज्याचं फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं करणारं देशातलं हे पहिलं राज्य. त्याची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते, हेही मी वाचलेलं होतं. आमच्या पिंपातल्या लिंबावर एक भलीमोठी हिरवी अळी सापडली. मी शेजारच्या अण्णांना कुंपणावरून सांगितलं, "आमच्याकडं राज्य फुलपाखरू आहे." अण्णा निवृत्त तलाठी. कुठल्याही गोष्टीपुढं राज्य हा शब्द लागला की ते चप्पल घालून बघायला येतात.

अळीनं एक दिवस खाणं थांबवलं, भिंतीवर थोडी पायपीट केली आणि फाटकाच्या सळईला चिकटून बसली. पाठीमागून एक रेशमी धागा घेऊन. विजेच्या खांबावर चढलेला वायरमन कमरेला पट्टा बांधून मागं रेलतो ना, अगदी तसा कोश. आठ-दहा दिवस आम्ही फाटक हळू उघडत होतो. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, गॅसवाल्याला, सगळ्यांना हळू उघडायला सांगत होतो. अण्णा रोज सकाळी हजेरी घेऊन जायचे. शेवटी एका सकाळी कोश फुटला आणि काळ्यावर पिवळट ठिपक्यांचं, लिंबावर नेहमी दिसतं तेच फुलपाखरू बाहेर आलं. मोठा, मखमली काळा, निळ्या पंखांचा नीलवंत नव्हताच. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे हे ग्रामपंचायत लेव्हलचं," ते म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

दुसरी जप्ती दोरीची. अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक सुटं टोक लोंबत होतं. त्याला एके दिवशी जळमट लागलेलं दिसलं. हिनं केरसुणी उचलली, तेवढ्यात त्या जळमटातून मातकट-हिरवट रंगाची, अंगठ्याएवढी, वाकड्या चोचीची एक चिमणीसारखी पक्षीण भुर्रकन उडाली आणि मधुमालतीवर बसून आम्हाला शिव्या द्यायला लागली. सूर्यपक्ष्याची मादी. शिंजीरही म्हणतात त्याला. कोळ्याची जाळी, वाळकं गवत, सालीचे तुकडे, आमच्या जुन्या कॅलेंडरचा कपटा, असं काय काय चिकटवून तिनं लांबुळकी पिशवी तयार केली. बाजूला दार, दारावर छोटासा छज्जाही. या घरट्यात अळ्यांची लेंडीसुद्धा लावलेली असते, असं सलीम अलींच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक १९४१ साली पहिल्यांदा निघालं. तेव्हापासून या मंडळींनी बांधकामसाहित्यात काही बदल केलेला दिसत नाही. म्हणजे आमचा कढीपत्ता अळीच्या पोटातून जाऊन शेवटी आमच्याच दोरीवर भिंतीला लागला होता.

बांधकाम सगळं मादीचं. नर या काळात काय करत होता? तो माझ्या स्कूटरच्या आरशावर बसत होता. सावलीत काळा, उन्हात आला की निळा-जांभळा, नुसता पेटल्यासारखा. आरशात त्याला दुसरा तसाच नर दिसायचा आणि तो त्याच्याशी भांडायचा. सकाळी सात ते दहा, मग दुपारची सुट्टी, मग चार ते सहा. चोची मारून मारून आरशावर थुंकीचे ठिपके.

"बाई घर बांधतेय," ही खिडकीतून बघत म्हणाली, "आणि हे आरशात बघतायत."

मी त्या वेळी दाढी करत होतो. काही बोललो नाही. नंतर जाऊन स्कूटरच्या दोन्ही आरशांवर जुने पायमोजे चढवले. त्यामुळं महिनाभर मी साताऱ्यातून मागचं काही न बघता गाडी चालवली. मागून येणाऱ्यांनी सांभाळून घेतलं.

दोरी गेली म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात चार माणसांचे कपडे रोज धुतले जातात त्यांनाच कळेल. माझे पंचे दाराच्या फळ्यांवर, चादरी खुर्च्यांवर, नातीचे फ्रॉक देवघराच्या खुंटीला. एक दिवस हिनं माझा लेंगा अण्णांच्या दोरीवर घातला. तलाठ्याच्या डोळ्यांनी अण्णांनी तो लगेच हेरला. म्हणाले, "वहिनी, आज लेंगा आलाय, उद्या सातबाऱ्यावर नाव लावाल."

तिसरी जप्ती फुलांची. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. पांढरा, कापसासारखा, कळ्यांच्या देठाला. त्याच्यामागं मुंग्यांची रांग, कारण तो गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या त्यासाठी त्याला सांभाळतात. अण्णांनी औषध फवारायला सांगितलं आणि बाटलीही आणून दिली. पण सूर्यपक्षी मध पितात ते स्वतः. पिल्लांना किडे भरवतात. औषध मारलं तर ते कुठं जाईल? बाटली परत गेली. मग ही रोज सकाळी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन जास्वंदीचे दात घासत बसायची.

मोगऱ्याची कथा वेगळी. जानेवारीच्या शेवटी मी त्याची छाटणी केली, पानं ओरबाडली, पाणी तोडलं. सगळ्यांना वाटलं मी तो मारला. मार्चमध्ये शेणखत घालून पाणी सुरू केलं आणि एप्रिलमध्ये कळ्या अशा लागल्या की मोजता येईनात. संध्याकाळी सातच्या सुमाराला एकेक कळी उमलायला लागायची आणि गल्लीत वळतानाच कळायचं की घर जवळ आलं. दिवे गेले असतील तर फारच छान. मी पहिल्या दिवशी एकही फूल तोडलं नाही. म्हटलं, सकाळी देवाला.

सकाळी चारही कुंड्या रिकाम्या.

उन्हाळ्यात आढळणाऱ्या या प्राण्याची नोंद कुठल्या पुस्तकात नाही. तो धड निशाचर नाही, दिनचरही नाही. पहाटे पाच ते सहा बाहेर पडतो. पायात पांढरे बूट, डोक्याला मफलर (एप्रिलमध्येसुद्धा), एका हातात काठी आणि काठीला आकडा. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. तोंडानं रामरक्षा. फाटकातून हात आत घालून लांबच्या फांदीवरची जास्वंद तो अशी अलगद उतरवतो की वटवाघळानं शिकावं. एकदा मी अंधारात दबा धरून बसलो आणि रंगेहाथ पकडला. तो म्हणाला, "देवासाठीच नेतोय," आणि वर "तुमची जास्वंद यंदा लहान झाली, खत घाला" असंही सांगून गेला. तेव्हापासून हिचा गजराही मी राजवाड्याजवळून विकत आणतो.

मे उजाडला तसा सगळ्यांनाच रंग चढला. कुंपणावरच्या सरड्याचं डोकं आणि गळा लालबुंद झाला आणि तो भरउन्हात भिंतीवर जोर काढायला लागला. सरड्याच्या रंगाचा दाखला लोक पुढाऱ्यांना देतात, पण याच्या मनात बायको मिळवण्यापलीकडं काही नसतं. गच्चीवर घातलेले सांडगे खारीनं मोजून नेले. दुपारी तांबट टुक टुक करत बसायचा, लांबवर कुणी तरी तांब्याची घागर ठोकत असल्यासारखा. आणि एका सकाळी, रिकाम्या म्हणून हिणवलेल्या कुंडीतून, चहाच्या चोथ्याला बाजूला सारत, एक जाडसर देठ वर आला आणि चार दिवसांत त्यावर क्रिकेटच्या बॉलएवढा लालभडक गोल फुलला. मी कुणाला काही म्हणालो नाही. फक्त कुंडी उचलून दारासमोर आणून ठेवली.

त्याच आठवड्यात भारद्वाज आला.

भारद्वाजाचं दर्शन शुभ, हे आमच्याकडं तान्ह्या मुलालाही सांगतात. विटकरी पंख, काळं अंग, लालबुंद डोळे, आणि लग्नातल्या मानकऱ्यासारखी संथ चाल. ही पूजा करत होती. "अगंबाई!" म्हणून ती हात जोडून दारात आली. पण भारद्वाज इतरांच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं खातो, हे मी आदल्याच रात्री मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आणि तो नेमका कढीपत्त्याच्या फांदीवरून दोरीकडं मान वळवून बघत होता. मग मी जे दृश्य पाहिलं ते दुसरीकडं कुठं दिसणार नाही. हिनं डावा हात कपाळाला लावून नमस्कार केला आणि उजव्या हातानं केरसुणी भिरकावली. "बाबा, दर्शन दिलंस, आता जा. हाऽड!" भारद्वाज कुंपणावर गेला. हिनं पुन्हा नमस्कार केला. पुन्हा केरसुणी. तीन वेळा दर्शन, तीन वेळा हकालपट्टी. पुण्याचा हिशेब कसा लागला असेल कोण जाणे.

पिल्लं दोन होती. छज्ज्याखालून दोन चोची बाहेर यायच्या आणि आता नरही किडे आणायला लागला होता. (ही म्हणाली, "उशिरा का होईना." मी भांडी आवरत होतो.) अशात वळीव आला. रात्री अकराला वारा सुटला, पत्रे वाजले, मातीचा वास आला आणि टपोरे थेंब पडायला लागले. दोरीवरची पिशवी पाळण्यासारखी हेलकावत होती. नात रडायला लागली. मग घरातला कर्ता पुरुष म्हणून मी छत्री घेऊन अंगणात गेलो आणि दोरीच्या टोकावर ती धरून उभा राहिलो. छत्री घरट्यावर, मी पावसात. वीज चमकली तेव्हा समोरच्या खिडकीत अण्णा दिसले. त्यांनी काही विचारलं नाही. खिडकी लावून घेतली.

घरट्याला छज्जा कशासाठी असतो, हे मला सकाळी शिंकताना सुचलं. मादी आत कोरडीठाक बसली होती.

चार दिवसांनी पिल्लं उडाली. एक मधुमालतीवर गेलं, दुसरं आधी माझ्या पायमोजा घातलेल्या आरशावर. दोरी मोकळी झाली. कढीपत्त्यालाही वळवाच्या पाण्यानं कोवळी तांबूस पालवी फुटली होती. पण ती अजून तोडण्याजोगी नव्हती, म्हणून मी शेवटचा एकदा मंडईत गेलो.

"अजून झाड रिकामं न्हाई?" मावशींनी विचारलं.

"झालंय. आता आठ दिवसांत पानं येतील," मी म्हणालो.

त्यांनी जुडी दिली. हिनं ती पोह्यांसाठी सोडली, एक डहाळी उजेडाकडं धरली आणि तशीच थांबली. पानावर पक्ष्यानं घाण केली होती. ती चालत होती.

कढई गॅसवर तापत होती, मोहरी तडतडत होती. ही डहाळी घेऊन चपला न घालताच अंगणात गेली आणि ती हळूच आमच्या झाडाच्या कोवळ्या पालवीत खोवून आली. पोह्यांत त्या दिवशी कढीपत्ता नव्हता.