मांजराच्या केसांची केस

एकोडीसारख्या गावात गुप्तहेर घडवावा लागत नाही, तो उपजतच असतो. साकोलीहून कोणती गाडी आली, आत कोण बसलं होतं, ते कोणाकडे उतरले, चहा झाला की नुसत्या पाण्यावर बोळवण झाली, आणि पाहुणे मुलगी पाहायला आले होते की जमीन, हा सगळा तपास गाडी परत फिरायच्या आत पुराव्यासकट पूर्ण होतो. अशा गावातल्या पोराच्या हाती फोन येतो आणि तो खेळतो काय? फ्री फायर. दिसला की मार. कोण मेला, कोणी मारला, का मारला, कसली चौकशी नाही. उपजत अकलेची एवढी नासाडी तर खरेदी केंद्राबाहेर पावसात भिजणाऱ्या धानाचीही होत नसेल.

अशातच एखादा पोरगा म्हणतो, गोळीबाराचा कंटाळा आला, डोकं लावायचा एखादा खेळ सांगा. डिटेक्टिव्ह टाइप. झालं! सगळे जाणकार बाह्या सरसावून पुढे येतात. अरे, नव्वदच्या दशकातले ते खेळ! ते नाही खेळलास तर काय खेळलास! पोरगा विचारतो काय, हे सांगतात काय. नवख्याला खेळ सुचवणारा माणूस बहुतेक वेळा खेळ सुचवतच नसतो. तो स्वतःच्या तारुण्याची वरात काढत असतो आणि समोरच्याने घोड्यापुढे नाचावं अशी त्याची अपेक्षा असते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘पॉइंट अँड क्लिक’ म्हणजे पडद्यावर चित्र असतं. त्यातल्या वस्तूवर बोट ठेवायचं, ती उचलून खिशात घालायची, माणसांशी बोलायचं, आणि खिशातली वस्तू योग्य ठिकाणी वापरली की गोष्ट पुढे सरकते. धावपळ नाही, नेमबाजी नाही. मध्येच आईने हाक मारली तर उठून जाता येतं, परत येईपर्यंत कोणी तुम्हाला मारून ठेवत नाही. या जातीच्या चित्रमय खेळांची सुरुवातच मुळी खुनापासून झाली. रोबर्टा आणि केन विल्यम्स या अमेरिकन जोडप्याने १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’ काढला, तो अगाथा ख्रिस्तीच्या एका कादंबरीवरून स्फुरलेला. एक घर, त्यात काही माणसं, आणि ती एकेक करून मरतात. बायकोने कथा रचली, नवऱ्याने प्रोग्राम लिहिला. संसार असावा तर असा.

पुढे या जोडप्याने स्थापन केलेल्या कंपनीने एक पराक्रम केला. जाणकार ज्या सुवर्णकाळाच्या आठवणी काढून गहिवरतात, त्या काळाच्या शेवटाला, १९९९ मध्ये, ‘गॅब्रिएल नाइट ३’ आला. फ्रान्समधलं गाव, गूढ प्रकरण, नायक तपासाला निघालाय. त्याला भाड्याने मोटारसायकल हवी आहे. ती त्याच्या मित्राच्या नावावर राखून ठेवलेली, म्हणून मित्राचं सोंग घ्यायचं. त्यासाठी मिशी पाहिजे. मिशी कुठून आणणार? शेडच्या दाराला भोक आहे, तिथे चिकटपट्टी लावायची. मग मांजरावर पाण्याचा फवारा मारायचा. मांजर त्या भोकातून पळतं, त्याचे केस पट्टीला चिकटतात. ते केस मेपलच्या पाकाने ओठावर डकवायचे. आणि खरी गंमत पुढेच आहे. ज्या मित्राचं सोंग घ्यायचं, त्या मित्राला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टावरच्या फोटोला मार्करने मिशी काढायची.

हे कोणाला सुचेल? गांजा ओढणाऱ्यालाही नाही. तो निदान मोटारसायकल मागून तरी आणेल.

आता हा खेळ हातात पडलेल्या नवख्याची अवस्था डोळ्यांसमोर आणा. तो काही वेळ विचार करतो, मग प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर घासून पाहतो, मग त्याला वाटतं की आपल्यालाच अक्कल कमी. मुकाट्याने तो फ्री फायरकडे परततो. जाणकार म्हणतात, हल्लीच्या पोरांना धीरच नाही.

धीर नाही? दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, लोक थंडीत चादर लपेटून रात्रभर नाटक पाहतात. खलनायक कोण हे पहिल्या अंकात कळलेलं असतं, तरी तो कसा सापडतो ते पाहायला पहाटेपर्यंत बसतात. या प्रेक्षकाला धीर शिकवू नका. त्याला फसवलेलं आवडत नाही, एवढंच.

तपासाच्या खेळाचा सौदा साधा असतो. पुरावा माझ्यासमोर ठेव, मग लपव कितीही. रॉन गिल्बर्ट नावाच्या गृहस्थांनी हे कधीच ओळखलं होतं. १९८९ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर गेम भिकार का असतात’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला. स्वतः त्याच धंद्यात असताना. पहिल्या खोलीतली एखादी वस्तू उचलायची राहिली म्हणून शेवटच्या खोलीत खेळ कायमचा अडावा, पाऊल चुकलं की मरण यावं, असल्या खोड्या त्यांना मंजूर नव्हत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ काढून दाखवला. बोलून थांबले नाहीत, हे विशेष. आपल्याकडे परिसंवादावर भागतं.

तरी धडा सगळ्यांनी घेतला असं नाही. १९९६ च्या ‘ब्रोकन सोर्ड’मध्ये आयर्लंडच्या एका पडक्या किल्ल्यात दाव्याला बांधलेली बकरी आहे. नायक पुढे गेला की ती ढुशी मारून पाडते. तोवर अख्ख्या खेळात कुठेही घाई करावी लागत नाही, वाटेल तितका वेळ विचार करा. इथे मात्र पडल्याबरोबर उठून झटकन बाजूच्या नांगराकडे धावायचं, म्हणजे बकरी दाव्यासकट त्यात अडकते. खेळाने आपलाच नियम गुपचूप मोडला, आणि त्या बकरीने जगभरच्या शहाण्यांना जेरीला आणलं. एकोडीतल्या कोणत्याही पोराने ती कान धरून बाजूला केली असती, पण कान धरायची सोय खेळात नव्हती.

मग सुरुवात कशाने करावी? माझं मत विचाराल तर ‘मशिनेरियम’. चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा २००९ चा खेळ, फोनवरही चालतो. भंगारात फेकलेला एक यंत्रमानव शहरात परत येतो, एवढी गोष्ट. हा काही खुनाचा तपास नाही, पण निरीक्षणाची सवय लावतो. आणि खेळात एक शब्द बोलला जात नाही. पात्रांच्या डोक्यावर फुगे येतात, फुग्यात हलती चित्रं. यंत्रमानवाचा हात पोचेल तेवढ्याच वस्तूंना बोट लावता येतं, त्यामुळे सगळा पडदा चाचपत बसावं लागत नाही. अडलात तर उत्तरांचं पुस्तक आहे, पण ते उघडायला आधी एक चिमुकला गोळीबाराचा खेळ जिंकावा लागतो. फ्री फायरवाल्यांनो, तुमची तपश्चर्या वाया गेलेली नाही.

त्याच्या जोडीला ब्रिटनच्या फायरप्रूफ गेम्सचा २०१२ चा ‘द रूम’ घ्या. गुंतागुंतीची पेटी, तिची कुलपं, कळा, लपवलेले खण. वाचायला थोडं, हाताळायला भरपूर. बराच वेळ अडून राहिलात तर खेळ आपण होऊन इशारा देतो, तोही आधी अर्धवट, मग जरा स्पष्ट.

शब्द कमी असण्यावर मी एवढा भर देतो, कारण पुढचं सगळं इंग्रजीत आहे. इथे सांगितलेला एकही खेळ मराठीत नाही. ज्या भाषेत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, ज्या भाषेत झुंजार आणि काळापहाड वाचण्यासाठी लोक वाचनालयाच्या दारात नंबर लावायचे, ज्या भाषेत फुरसुंगीचा फास्टर फेणे चोरांच्या मागे सायकल हाणतो, त्या भाषेत संशयिताला साधं ‘काल रात्री कुठे होतास?’ विचारायची सोय या खेळांनी ठेवलेली नाही. अभिजात दर्जा मिळाला, आता उलटतपासणीचाही मिळू द्या.

इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येत असेल तर ‘एस अ‍ॅटर्नी’ला तोड नाही. मूळ जपानी, २००१ चा. तुम्ही बचावाचे वकील. साक्षीदार बोलतो, तुम्ही त्याच्या जबानीतली विसंगती शोधायची, नेमका पुरावा त्याच्या तोंडावर आदळायचा आणि ‘ऑब्जेक्शन!’ म्हणून ओरडायचं. नवख्याला बरं, कारण तिन्ही गोष्टी समोर असतात: जबानी, पुरावा आणि घाम फुटलेला साक्षीदार. एक गोष्ट तेवढी पटत नाही. तिथल्या कायद्यानुसार खटला फार तर तीन दिवसांत निकाली काढावा लागतो. भुतांशी बोलणारी मुलगी या खेळात आहे, ती मला खरी वाटली. तीन दिवसांचं काही पटलं नाही.

‘द केस ऑफ द गोल्डन आयडॉल’ २०२२ चा, लॅटव्हियातल्या दोन भावांनी केलेला. खुनाच्या क्षणी दृश्य गोठलेलं असतं. तुम्ही मृताचे खिसे तपासायचे, पत्रं वाचायची, नावं आणि शब्द गोळा करायचे आणि शेवटी घटनेचा वृत्तांत पुरा करायचा. म्हणजे शाळेतला ‘रिकाम्या जागा भरा’, फक्त गाइड मिळत नाही. चुका दोन किंवा कमी राहिल्या की खेळ तसं सांगतो. हा खरा गुरुजी. पूर्ण चूक आणि जवळजवळ बरोबर यांत फरक करणारे गुरुजी मला शाळेतही फार भेटले नाहीत.

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) उत्तम आहे, आणि म्हणूनच तो पहिला खेळू नका. ईस्ट इंडिया कंपनीचा विमा निरीक्षक होऊन एका रिकाम्या जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते लिहायचं. तीन माणसांचं बरोबर जुळल्यावरच खेळ मान हलवतो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून फारसं साधत नाही. शिवाय तो फोनवर नाही, संगणक किंवा कन्सोल लागतो. 

‘हर स्टोरी’ (२०१५) मात्र फोनवर आहे. पोलिसांच्या जुन्या मुलाखतींच्या चित्रफिती शोधायच्या, थांबवून पाहायच्या, बाई खरं बोलते की खोटं ते ठरवायचं. हा खेळ महाराष्ट्राने जुलै २०२५ मध्ये सामुदायिकरीत्या खेळून झालाय. विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या फोनवर रमी दिसल्याची चित्रफीत आली, मंत्री म्हणाले की तो खेळ आपोआप आला आणि मी बंद करत होतो, आणि अख्खं राज्य ती फीत मागे-पुढे करून बोटांच्या हालचाली तपासत बसलं. निकाल काय लागला? त्यांना क्रीडा खातं मिळालं. असा शेवट लिहायची छाती कोणत्याही गेम डिझायनरला होणार नाही.

देशी काही आहे का, म्हणाल तर आहे. गोव्याच्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हने २०१९ मध्ये ‘रेनस्वेप्ट’ नावाचा खुनाच्या तपासाचा खेळ काढला. कोडी सोपी, गोष्टीवर भर, नवख्याला चालणारा. पण गाव कोणतं? पाइनव्ह्यू. तपास अधिकारी? मायकेल स्टोन. पाऊस म्हणे तिकडचा! गोव्यात बसून पावसासाठी परदेशात जायची ही हौस मला अजून कळलेली नाही.

आणि केस तर आपल्या दाराशी पडून आहे. जय नावाचा वाघ, ‘शोले’तल्या जयवरून नाव पडलेला. तो नागझिऱ्याहून २०१३ मध्ये चालत उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याला पोचला, वाटेत राष्ट्रीय महामार्ग ओलांडला, पर्यटकांचा लाडका झाला. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही एप्रिल २०१६ पासून तो बेपत्ता आहे. नंतर त्याचाच एक बछडा श्रीनिवास नागभीडजवळ शेताच्या कुंपणातल्या विजेने मेला आणि पुरलेला सापडला. कॉलरचे शेवटचे संकेत, पाणवठे, वनरक्षकांच्या जबान्या, विजेच्या तारा, गावागावांतल्या अफवा. अजून काय पाहिजे? एवढं साहित्य पाइनव्ह्यूत उभ्या जन्मात जमणार नाही. पुण्या-मुंबईच्या गेमवाल्यांनी साकोलीची एसटी पकडावी. एकोडीत साक्षीदार न विचारता बोलतील.

एक सावधगिरी. प्लेस्टोअरवर ‘डिटेक्टिव्ह’ शोधलंत की फुकटच्या खेळांचा पाऊस पडेल. त्यांतल्या पुष्कळांत चार वस्तू शोधल्या की तुमची ‘एनर्जी’ संपते. मग थांबा, नाही तर पैसे भरा. तपास पुढे सरकवायला पैसे मागणं, एवढ्या एका बाबतीत हे खेळ कमालीचे वास्तववादी आहेत. ते घेऊ नका. एकदाच पैसे देऊन विकत मिळणारा खेळ घ्या, नेट गेलं तरी चालेल असा घ्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली आहे, तेव्हा मधेच कोणी रमी दाखवलीच तर मंत्र्यांसारखी ती ताबडतोब बंद करावी.

आणि कुठे अडलात तर अर्धा तास डोकं लावा, मग बिनधास्त उत्तर पाहा. त्याचा कोणी पंचनामा करत नाही. उत्तर पाहून ‘अरे, हे तर समोरच होतं’ असं वाटलं, तर खेळ चांगला, पुढे चला. ‘हे माझ्या बापजन्मी सुचलं नसतं’ असं वाटलं, तर दोष तुमचा नाही. खेळ तिथेच डिलीट करा आणि सुचवणाऱ्या जाणकाराला मांजर पकडायला पाठवा.