रामदास बोट चुकलेले आजोबा

कोकणातून मुंबईला आलेल्या कुठल्याही घराण्याचा इतिहास उकरून पाहा, रामदास बोट चुकलेले एक आजोबा त्यात हमखास सापडतात. १७ जुलै १९४७ रोजी गटारीसाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांना घेऊन ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेतच बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बुडालेल्यांची नोंद इतिहासात आहे, बोट चुकलेल्यांची नाही. पण सहस्रचंद्रदर्शनाच्या स्मरणिका वाचाव्यात, तर ही सगळी मंडळी त्या सकाळी वेळेवर पोहोचली असती तर बोट धक्क्यालाच बुडाली असती. एकाला ट्राम मिळाली नाही, दुसरा मुलांसाठी बिस्किटांचा पुडा घ्यायला थांबला, तिसऱ्याची रजा साहेबाने नामंजूर केली (हा साहेब पुढे कुलदैवताच्या खालोखाल पूज्य ठरतो). आजोबांचे संकटांशी वैर एवढ्यावर संपत नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट होऊन सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या, त्यांतली एक यांच्या कानाजवळून गेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्याच्या आदल्याच संध्याकाळी यांनी पुणे सोडले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली तेव्हा मुक्काम पाटणलाच होता, पण हे नेमके लघुशंकेसाठी अंगणात आले होते.

याला थापा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र हा आरोप अर्धाच पटतो. बढाईखोर माणूस बोटीवर चढला असता, दोन पोरांना खांद्यावर घेऊन पोहत रेवस गाठला असता. आमचे हे वीर काय सांगतात? तर आपल्याला उशीर झाला. कोणाला वाचवले नाही, कशाशी झुंजले नाहीत, सोन्याची वीट उचलण्याचेही सुचले नाही. साऱ्या पराक्रमाचे श्रेय ट्रामला, बिस्किटाला किंवा मूत्रपिंडाला देणारी ही जगातली बहुधा सर्वांत नम्र बढाई असावी. तिच्या मुळाशी एकच दावा आहे, की मी वाचलो तो योगायोगाने. आणि हा दावा खरा आहे.

१९५० च्या आसपास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. बालमृत्यूंनी ही सरासरी खाली ओढलेली होती हे कबूल, पण आजोबाही कधीतरी बालक होतेच. देवी, पटकी, विषमज्वर, हिवताप आणि विहिरीच्या पाण्यातून येणारा नारू, इतक्यांच्या तावडीतून सुटून ज्याने हजार पूर्णचंद्र, म्हणजे ऐंशी वर्षे आणि वर काही महिने गाठले, त्याची रामदास खरोखरच अनेकदा चुकलेली असते. अडचण एवढीच, की या सुटका सांगण्याजोग्या नसतात. नारूचा दोरा काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढला, ही गोष्ट जेवणाच्या पंगतीत कोण ऐकणार? भावंडांतली दोन दगावली आणि आपण उरलो, हे तर आजोबा कधीच बोलत नाहीत. मग उरल्याचे ते न बोललेले आश्चर्य एखादी नावाजलेली, तारीखवार बोट बघून तिच्यात जाऊन बसते.

तारखा तपासणारा जावई इथे मोबाइल काढतो. आजोबांचा जन्म १९४४ चा, म्हणजे त्या दिवशी तिकिटावरून हुज्जत घालणारा हा प्रवासी जेमतेम तीन वर्षांचा होता. मुद्दा बिनतोड आहे, पण त्याने सिद्ध होते ते इतकेच, की बोट त्यांच्या वडिलांची चुकली होती. सातबाऱ्यावर वारसनोंद होते आणि जमीन तीच राहते, तसे हे झाले आहे. याहून गंभीर आक्षेप दुसराच आहे: ज्यांची माणसे खरोखर बुडाली, त्यांच्या दुःखावर या गप्पा उभ्या आहेत. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल, की ज्या घरांतली माणसे परतली नाहीत, त्यांच्याकडून पंगतीत रंगवायची गोष्ट कोणी मागू नये. रामदासचे नाव तिसऱ्या पिढीच्या कानावर पडते, त्यात या चुकलेल्यांच्या बडबडीचा वाटा मोठा आहे.

तेव्हा जावयांनी मोबाइल खिशात ठेवावा आणि आजोबांना बोट एकदा नीट चुकवू द्यावी. ती चुकून झाली, की दंडावरचा देवी काढल्याचा वण दाखवून तो कधीचा, कुठला आणि घरात आणखी कोणाकोणाला देवी आल्या होत्या, हे विचारावे. उत्तर यायला वेळ लागेल. ते मात्र तारखेसकट लिहून ठेवावे.