पंचेचाळीस किलोमीटरची भाकरी

दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर झोपते. महिषासुराशी लढून दमलेली असते, म्हणून ही श्रमनिद्रा, थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत. ती जागी व्हायची वेळ आली की सोलापूरकर रात्रभर चालत तिच्याकडे निघतात. लढली ती, झोपली ती, आणि पाय सुजतात आमचे. पण पुढच्या कोजागिरीला हीच मंडळी चपला घरी ठेवून पुन्हा सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापाशी, निघायच्या जागी, हजर.

सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. त्या दिवशी वाहतूक दुसरीकडून वळवतात, त्यामुळं एरवी जिथं ट्रक माणसाला कडेला ढकलतात, तिथं मधोमध आजीबाई चालतात. वर पूर्ण चंद्र, पण नजर खाली, खडीवर. बहुतेक सगळे अनवाणी. काहींच्या पायांत मोजे दिसतात. नवस चपलेचा होता, मोज्यांचं काही बोलणं झालेलं नव्हतं.

एकटं सहसा कुणी निघत नाही, गल्लीच्या गल्ली निघते. मागावर दिवसभर उभे राहणारे, विड्या वळणाऱ्या बायका, बँकेतले साहेब, आणि मोबाईलवर पावलं मोजणारा एखादा भाचा. हिप्परग्याच्या तलावापर्यंत सगळे बरोबर असतात. तामलवाडी येईतो पांगापांग. भाचा पुढं, मावशी मागं, आणि मधे एक काका. पुढच्यांना थोपवायचं नि मागच्यांना हाकायचं काम त्यांना कुणी दिलेलं नसतं. “काय बे, पळायला लागला का? मावशी कुठंय बघ की!” भाचा थांबतो. चालण्यापेक्षा हे अवघड, कारण एकदा थांबलेला पाय पुन्हा उचलत नाही.

हाँगकाँगला १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून अशीच एक चाल सुरू झाली. १०० किलोमीटर, ४८ तास, चौघांचा संघ, आणि शेवटची रेघ चौघांनी बरोबरच ओलांडायची. पुढं ती ऑक्सफॅम ट्रेलवॉकर नावानं देशोदेशी गेली, आपल्याकडं बंगळुरूलाही आली. त्या चालीत चालणारा आधी ओळखीपाळखीच्यांकडून मदतनिधी गोळा करतो. चांगली रीत आहे, हिशेबही चोख. आमच्या रस्त्यावर व्यवहार उलटा. इथं मागं लागतो तो देणारा. “घ्या की मावशी, एकच केळं!” म्हणत पोरगं कितीतरी लांब बरोबर येतं. चहा, खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, मसाला दूध. नाही म्हणायची सोय नसते.

एका मंडपात सतरंजीवर माणसं पाय पसरून बसलेली असतात आणि कॉलेजातली मुलं तेल लावून पोटऱ्या चोळतात. मावशींनी जन्मभर घरच्यांचे पाय चेपलेले. परक्या पोरानं टाचेला हात लावताच “नको रे बाळा” म्हणत त्या पाय लुगड्याखाली ओढून घेतात. तो कुठला ऐकतोय! बोटांच्या बेचक्यात रुतलेला खडा नखानं अलगद काढतो, तळवा पुसतो, मग तेल. कुठं बघावं ते न कळून मावशी ट्यूबलाइटकडं बघत बसतात. मला तर वाटतं, सगळ्या वाटेत एवढा टप्पाच खरा चढाचा. देताना आपण ऐटीत असतो, घ्यायची वेळ आली की अवघडतो.

या पाहुणचारात घरून बांधून आणलेल्या कडक भाकऱ्या नि शेंगाची चटणी तशीच राहते. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरते. “ठेवा की कुठंतरी” असं कुणी म्हणत नाही, भाकरी टाकवत नाही. घाट लागतो तेव्हा ती भाच्याकडं असते. मोबाईल बंद पडल्यामुळं घाटातली त्याची सगळी पावलं बिनहिशेबी जातात. वरून “आई राजा उदो उदो” ऐकू आलं की मात्र काकांच्या हाकांची गरज उरत नाही.

दर्शनाच्या रांगेबद्दल न बोललेलं बरं.

परतीला एसटीच्या जादा गाड्या लागलेल्या असतात. रात्रभर एकमेकांसाठी थांबलेली माणसं गाडी दिसताच कुणासाठी थांबत नाहीत. काका दारात अडकतात, भाचा खिडकीतून रुमाल टाकायला धावतो, पण रुमाल घामानं ओला आणि खिडकी उंच. मावशी त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढतात आणि नेम धरून आत भिरकावतात. किती भाकऱ्या मोडल्या ते घरी गेल्यावर कळेल. जागा मात्र धरली गेली, तिघांची.